होई आनला जायचंय? आधी कालनिर्णय उघडा

व्हिएतनाममधल्या होई आनचे फोटो पाहिले की मराठी माणसाला पहिली आठवते ती दिवाळी. पिवळ्या भिंती, कौलारू घरं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेशमी आकाशकंदील. मग ओघानेच कुणीतरी म्हणतं, "दिवाळीच्या सुट्टीतच जाऊ ना!" आमच्या घरातही हेच झालं होतं. तिकिटं काढण्याआधी कुणी पावसाचं विचारलं म्हणून वाचलो.

मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो साधारण सप्टेंबरात सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा जोर असतो आणि डिसेंबरातही रिपरिप चालूच राहते. म्हणजे नेमकी आपली दिवाळी. हे गाव थू बोन नदीच्या मुखाजवळ वसलंय, आणि नदीकाठचा बाक डांग रस्ता पाण्यापासून हातभरच उंच आहे. २०२५च्या ऑक्टोबरअखेर नदी इतकी चढली की तळमजले बुडाले आणि पर्यटकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. लहानमोठा पूर तर तिथे जवळजवळ दरवर्षीचाच. म्हणून या गावाचा बेत आखताना विमानाचे भाव नंतर बघा, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

महिना आणि तिथी

फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, ऊन सोसवेल इतकं. मे ते ऑगस्ट उकाडा असतो, घामाच्या धारा लागतात, पण मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच हाताशी असेल तर बिनधास्त जा. मुंबईकराला तो उकाडा नवा नाही, आणि समुद्र शांत असतो हा वरचा फायदा. फक्त 'तेत' टाळा. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. त्या आठवड्यात लोक आपापल्या गावी जातात, बरीच दुकानं बंद असतात आणि उघड्या असलेल्या खोल्यांचे भाव चढतात.

महिना ठरला की तिथी. दर चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि गल्ल्या कंदिलांच्या उजेडावर चालतात. त्यांचा महिना अमावस्येच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांची चौदावी तिथी आपल्या शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते. कालनिर्णयात पौर्णिमा शोधा, एक-दोन दिवस मागे या, आणि मग व्हिएतनामी चांद्र पंचांगाशी एकदा ताडून घ्या.

आता खरं सांगतो. त्या रात्री गर्दीही तितकीच असते. आई-वडील सोबत असतील आणि त्यांना चेंगराचेंगरीचा त्रास होत असेल तर ती रात्र मुद्दाम चुकवा. कंदील रोजच लागतात.

व्हिसा: नावाचा घोळ

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे का ते बघा. शोधयंत्रात सगळ्यात वर येतात ते बहुधा दलाल, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारे.

अर्ज सोपा आहे, पण आपलं नाव सोपं नाही. आपण तीन नावं लावतो: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर मधलं नाव बहुतेक वेळा पहिल्या नावालाच जोडून आलेलं असतं. माझ्या मावशीने अर्जात ते गाळलं, "एवढं कोण बघतं" म्हणून. व्हिसा आला तो दोन नावांचा. पुन्हा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, कारण भरलेली फी परत मिळत नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यात जसं आहे तसं, त्याच क्रमाने भरा.

दुसरी जागा जिथे लोक अडकतात ती प्रवेशाच्या विमानतळाची. तुम्ही व्हिएतनामात जिथे पहिल्यांदा उतरणार आणि शिक्का मारून घेणार, तो विमानतळ लिहायचा. शेवटी होई आनजवळच्या दा नांग शहरात जाणार असाल, पण आधी हनोईला उतरत असाल, तर हनोई. जाण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी अर्ज टाका आणि व्हिसाची छापील प्रत पिशवीत ठेवा.

पोचायचं कसं

होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. जवळचं दोन्ही दा नांगला, सुमारे ३० किलोमीटर उत्तरेला. मुंबईहून हो ची मिन्ह सिटी आणि हनोईला थेट विमानं आहेत, तिथून दा नांग सव्वा-दीड तास. अहमदाबादहून दा नांगला थेट विमान २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झालं. खानदेश किंवा उत्तर कोकणातल्या लोकांनी तोही पर्याय तपासावा, पण अशा सेवा हंगामाप्रमाणे बदलतात.

मोठ्या विमानतळावर बदल असेल तर मध्ये तीन-चार तास ठेवा. आंतरराष्ट्रीय उतरायचं, रांगेत शिक्का घ्यायचा, सामान उचलायचं आणि देशांतर्गत टर्मिनलला जायचं. स्वस्त विमान कंपन्यांत हातातल्या बॅगेचं वजन खरोखर करतात. सात किलो म्हणजे सातच.

दा नांगहून 'ग्रॅब' ॲपवर गाडी बोलवा, पाऊण तासात पोचाल. भाडं साधारण तीन-चार लाख डोंग (तिथलं चलन) होतं. आकडा ऐकून दचकू नका, त्याचं पुढे सांगतो. एक बारीक गोष्ट: १ जुलै २०२५ पासून होई आन ज्यात होतं तो क्वांग नाम प्रांत दा नांग शहरात विलीन झाला, त्यामुळे होई आनमधल्या हॉटेलच्या पत्त्यातही आता 'दा नांग' लिहिलेलं दिसतं. खोली घेताना नकाशावर टाचणी कुठे आहे ते पाहा. नाहीतर नदीकाठच्या घराची स्वप्नं बघत दा नांगच्या समुद्रकाठच्या वीस मजली इमारतीत उतराल.

पैसे, आणि दोन निळ्या नोटा

एका रुपयाला साधारण २९०-३०० डोंग. हिशेबाची सोपी युक्ती: एक लाख डोंग म्हणजे सुमारे साडेतीनशे रुपये. विक्रेते हजार हा शब्द गाळतात. "फिफ्टी" म्हणाले तर पन्नास हजार समजायचं.

सगळ्या नोटा दिसायला सारख्या वाटतात, सगळीकडे हो ची मिन्ह. त्यातल्या दोन निळसर आहेत: वीस हजारांची आणि पाच लाखांची. एकीची किंमत सत्तर रुपये, दुसरीची सतराशे. मी पहिल्याच संध्याकाळी उसाचा रस पिऊन पाच लाखांची नोट पुढे केली. रसवाल्या आजीने ती उलटसुलट केली, माझ्या पाकिटात स्वतः बोट घालून दुसरी निळी नोट ओढली आणि तिच्या मागच्या बाजूचं चित्र दाखवलं. तो होई आनचाच जपानी पूल. पूल असलेली निळी नोट वीस हजारांची, हे मग विसरलो नाही. प्रत्येक वेळी तशी आजी भेटेलच असं नाही. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

रुपये बदलून घेणारे सहज सापडत नाहीत. थोडे डॉलर न्या, नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या. बाकी कार्डाने एटीएममधून काढा. दुकानादुकानांत क्यूआर दिसतो तो तिथल्या बँकांचा, आपल्या यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

किती दिवस, कुठे राहायचं

हा माझा आग्रहाचा मुद्दा आहे. बहुतेक सहलवाले दा नांगला मुक्काम ठेवतात, दुपारी चारला बस होई आनला सोडते आणि रात्री नऊला उचलते. त्या पाच तासांत जे दिसतं ते गणपतीतल्या लालबागसारखं: माणसांची पाठ आणि वर दिवे. गाव दिसायला हवं असेल तर तिथे तीन रात्री राहा आणि सकाळी साडेपाचला उठा. त्या वेळी चान फू रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बायका असतात, दारात बसून भातशेवयांचा वाडगा रिकामा करणारे म्हातारे असतात, आणि बाजाराच्या मागच्या घाटावर मासळी उतरत असते. दुकानांची दारं बंद असतात म्हणून घरं दिसतात.

जुन्या गावाच्या अगदी आत खोल्या कमी आणि महाग. दहा-पंधरा मिनिटं चालत किंवा सायकलवर असलेला घरगुती होमस्टे घ्या. सायकल बहुतेक ठिकाणी फुकट देतात. पुलापलीकडच्या आन होई बेटावर रात्रीचा बाजार आणि मोठ्या आवाजातले बार आहेत. झोप प्रिय असेल तर तिथली खोली नको. पाऊस-पाण्याच्या दिवसांत जाताच असाल तर तळमजल्याची खोली घेऊ नका.

गाव बघायचं कसं

आधी थोडं मागचं. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. चिनी आणि जपानी व्यापारी इथे राहिले, पोर्तुगीज, डचही आले. रेशीम, मिरी, चिनी मातीची भांडी यांचा व्यापार. पुढे नदीचं मुख गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं दा नांगला वळली आणि होई आन मागे पडलं. त्या मागे पडण्यानेच ते वाचलं, नवं बांधायला पैसाच नव्हता. १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, तेव्हा तीस हेक्टरांच्या गावठाणात अकराशेवर जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारती उभ्या होत्या.

परदेशी पाहुण्याला तिकीट एक लाख वीस हजार डोंग. त्यावर जुनी घरं, चिनी मंडळांची सभागृहं, संग्रहालयं यातली ठरावीक ठिकाणं बघता येतात. सगळी बघायच्या फंदात पडू नका. माझ्या मते तीन पुरे.

पहिलं, 'तान की' नावाचं घर. पुढचं दार न्गुयेन थाय होक रस्त्यावर, मागचं थेट नदीकडे. माल नदीकडून आत यायचा, विक्री रस्त्याकडून. घरातले लोक अजून तिथेच राहतात. आत खांबावर चिनी कविता शिंपल्याच्या जडावकामात आहे. जवळ जाऊन बघा, अक्षराची प्रत्येक रेघ म्हणजे उडणारा पक्षी आहे. आणि मग भिंतीवरच्या पट्ट्या बघा: कुठल्या वर्षी पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा. काही तुमच्या डोक्याच्या वर आहेत. 'फुंग हुंग' नावाच्या घरात याचंच दुसरं टोक दिसतं. माडीच्या जमिनीत लाकडी झडप आहे, पूर आला की खालचा माल त्यातून वर ओढायचा.

दुसरं, फुजियानी चिन्यांचं सभागृह. समुद्रदेवी थिएन हाउची जागा. छतापासून उदबत्तीची मोठमोठी वेटोळी लटकतात, प्रत्येकाला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. खाली उभं राहिलात तर राख अंगावर पडणार, पांढरा शर्ट घालू नका.

तिसरा तो नोटेवरचा पूल. सोळाव्या शतकाच्या शेवटी किंवा सतराव्याच्या सुरुवातीला जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला, वर छप्पर, मध्ये छोटं देऊळ. एका टोकाला माकडं, दुसऱ्या टोकाला कुत्रे. सांगतात की काम माकडाच्या वर्षी सुरू झालं आणि कुत्र्याच्या वर्षी संपलं. दुसरी कथा आपल्या कामाची: जमिनीखाली एक अजस्र प्राणी आहे, त्याचं डोकं भारतात, शेपूट जपानात आणि पाठ होई आनमध्ये. तो हलला की भूकंप होतो, म्हणून त्याच्या पाठीत तलवार खुपसावी तसा हा पूल रोवला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याची मोठी दुरुस्ती पूर्ण झाली, तेव्हा रंग फारच नवे दिसतात म्हणून तिथल्या लोकांनी भरपूर वाद घातला. मी गेलो तेव्हा दोन पावसाळे त्याच्यावरून गेले होते, आता डोळ्याला खुपत नाही.

चालताना दारांच्या चौकटीवर बघा. लाकडाचे दोन गोल, कधी फुलासारखे कोरलेले, त्यावर लाल फडकं. ते घराचे डोळे. घर येणाऱ्याला बघतं, असं ते मानतात.

रात्री होडीत बसायचं असेल तर घाटावरच्या तिकीटखिडकीतून बसा, दर लिहिलेले असतात. वीस मिनिटांची फेरी. पाण्यात कागदी दिवे सोडायला मुलं-बायका गळ घालतात. तो कागद आणि मेण सकाळी नदीतच तरंगत असतं. मी सोडत नाही.

शाकाहाऱ्यांनी काय करायचं

पहिला शब्द पाठ करा: 'चाय'. व्हिएतनामीत याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी खातो. ही बौद्धांची जुनी पद्धत आहे, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी लोक मांस सोडतात. म्हणजे कंदिलांच्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी शाकाहारी खाणावळी ओसंडून वाहतात, आणि आपली मजा.

नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण माशाचं पाणी, नुओक माम, सगळ्यात असतं. आपल्याकडे फोडणीत हिंग असतो तितक्या सहज ते घालतात. दुकानावर 'चाय' अशी पाटी असेल तर तो प्रश्न मिटतो. पण ताटात कोंबडीसारखं दिसणारं काही आलं तर घाबरून उठू नका, सोयाबीनचं असतं.

इथलं खास म्हणजे काओ लाउ: जाड, चिवट, पिवळट शेवया, खाली थोडासाच रस्सा, वर पाला आणि कुरकुरीत तुकडे. जुन्या रीतीप्रमाणे शेवयांचं पाणी बा ले विहिरीचं आणि राख चाम बेटांवरच्या झाडांची. मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा, पण 'काओ लाउ चाय' मिळतो. बान सेओ तर आपल्या घावनाचा चुलतभाऊ. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर चर्रर. त्या आवाजावरूनच नाव पडलंय. आत कोळंबी असते, नको असेल तर आधी सांगा. गोडात 'चे': कडधान्यं, नारळाचं दूध, बर्फ. माझ्या आईने एक चमचा खाऊन "ही तर गार खीर" असा निकाल दिला आणि दुसरा वाडगा मागवला.

नळाचं पाणी पिऊ नका. मेतकूट, थेपले नेले तर वाईट काही नाही, पण निम्मे परत येतात.

शिंपी

होई आनला कपडे शिवून घेणं हा वेगळाच प्रकार आहे. शेकडो दुकानं, एका दिवसात शर्ट. कपडे शिवायचे असतील तर पोचल्या दिवशीच माप द्या, शेवटच्या संध्याकाळी नाही. पहिली ट्रायल दुसऱ्या दिवशी आणि गरज पडली तर आणखी एक. अंगाला नीट बसणारा जुना कपडा सोबत न्या, नमुन्यावरून ते हुबेहूब काढतात. बहिणीने ब्लाउजचा नमुना दिला होता. शिंपीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा असलं काही पाहिलं असावं, पण दुसऱ्या दिवशी बाहीसकट बरोबर आलं. शिवणीत माया ठेवायला सांगा, मोबाइलवर चित्र दाखवून सांगितलंत तर उत्तम.

'रेशीम' म्हणून दाखवतात त्यात पॉलिएस्टर पुष्कळ. धागा जाळून बघायला मागा. केसासारखा वास आला आणि राख चुरली तर रेशीम, गोळी झाली तर नाही. लिननच्या शर्टात फसण्याची भीती कमी, मी तेच घेतो.

मी सॉनची सकाळ

एक सकाळ गावाबाहेर काढा. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगरांच्या कोंडाळ्यात, 'मी सॉन' नावाच्या जागी चंपा या जुन्या राज्याची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत विटांची देवळं उभी राहत गेली. शिलालेख संस्कृतात आणि चंपाच्या चाम लोकांच्या भाषेत. हिरव्या रानात, हजारो किलोमीटर दूर, योनीपीठ आणि नंदी समोर आला की सोबतच्या काकू आपोआप चपला काढायला वाकतात.

विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही. बोट फिरवून बघावंसं वाटतं, पण हात लावू नका, वीट झिजते. १९६९च्या अमेरिकी बॉम्बफेकीत बरीच देवळं पडली. गवतातले गोल खड्डे त्याचेच. जे उभं आहे ते राखण्यात पोलंडचे वास्तुविशारद काझिमिएझ क्विआतकोव्स्की यांचा मोठा वाटा. होई आनमध्ये त्यांचं स्मारक आहे. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने, एएसआयने, २०१७ पासून काही गटांचं जतन केलं. २०२० च्या मे महिन्यात त्याच कामात नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं.

पहाटे पाचला निघा आणि उघडताच आत शिरा. नऊनंतर बसगाड्या येतात आणि ऊन विटांतून परावर्तित होऊन भाजतं. टोपी, पाणी, डासांचं मलम. परतीच्या दिवशी दा नांगला दोन तास असतील तर तिथलं चाम शिल्पसंग्रहालय जरूर पाहा. मी सॉनच्या रिकाम्या गाभाऱ्यांतल्या कितीतरी मूर्ती तिथे आहेत.

सायकलीवरचा दिवस

शेवटचा दिवस सायकलीला. वाहनं उजवीकडून चालतात, रस्ता ओलांडताना मान आधी डावीकडे वळवा. स्कूटर भाड्याने सहज देतात, पण तिथे चालणारा परवाना नसेल तर अपघातात विमाही हात वर करतो. सपाट मुलखात सायकल पुष्कळ झाली.

चा क्वे गावात भाज्यांचे वाफे आहेत. पुदिना, तुळशीच्या भाईबंदांचा वास रस्त्यावर येतो. तिथून आन बांगचा किनारा दहा मिनिटं. वाटेत भातशेतात एक जुनी कबर आहे, तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याची, १६४७ सालची. ती ईशान्येकडे तोंड करून आहे, जपानच्या दिशेने. नारळाच्या पाणथळीतल्या गोल टोपलीच्या होड्यांची खूप जाहिरात होते. मुलांना मजा येते, मला लाउडस्पीकर सोसला नाही.

आणि कंदील घ्यायचा तर बाजारातून नको, करणाऱ्याच्या दुकानातून घ्या. बांबूच्या काड्यांचा सांगाडा छत्रीसारखा मिटतो, त्यामुळे फूटभराचा कंदील बॅगेत सपाट बसतो. कपड्यांच्या मधल्या थरात ठेवा, झुरमुळ्या सुटू नयेत म्हणून रबरबँड लावा. घरी आल्यावर आत साधा पिवळा बल्ब घालू नका, रेशीम तापून डाग पडतो. पाच वॅटचा एलईडी घाला, आणि पावसाची झड आत येणार नाही अशा जागी टांगा.